सोळा दाती बैल

अमरावतीत जिथं परभाभाऊचं कॉम्प्युटरचं दुकान होतं, तिथं आता मोबाईलचे कव्हर भेटते. परवा म्या तिथल्या माणसाले इचारलं, इथं परभाभाऊ बसत जाये, तुले माहीत हाये का? थो म्हणे, "मॉडेल सांगा." म्हटलं जाऊ दे, आपणच सांगू कोण होते थे. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली चौथी मास्तरनं दया म्हणून देल्ली. त्याच्यानं बोलून मी राह्यलो आन् लिवून माही पोरगी राह्यली. जिथं शहाणपण दिसन थे तिचं समजा, बाकी सगळं माहं.

मी लोडिंग रिक्षा चालवतो. भाजीच्या कॅरेटपासून नवरीच्या कपाटापर्यंत सगळं वाहून झालं. परभाभाऊनं मले पहिल्यांदा हाक मारली तवा दुकानाच्या पायरीवर एक खोकं होतं. म्या इचारलं, याच्यात काय हाये भाऊ?

"बैल हाये. सांभाळून ने, नवा हाये."

मी हासलो. थे नाही हासले. मले वाटलं, माणूस डोक्यानं थोडा सरकेल दिसते, भाडं आधीच घेऊन घ्याव.

मंग समजलं. परभाभाऊचे वडील चांदूर बाजारच्या बैलबाजारात दलाल होते. चार पिढ्या बैलाचे दात पाह्यण्यात गेल्या. परभाभाऊ पहिलेच जे कॉम्प्युटरच्या धंद्यात आले, पण येताना सगळा बैलबाजार डोक्यात घेऊन आले. खुर्चीवर नाही बसत, गादीवर बसत. खांद्यावर लाल काठाचा मोठा रुमाल. गळ्यात दोरी लावलेला चश्मा. कॉम्प्युटरच्या पोटात जो मेन तुकडा असते, ज्याले प्रोसेसर म्हणते, त्याले थे बैल म्हणत. मेमरी म्हणजे दावण, किती ढोरं एका टायमाले बांधता येईन थे. हार्डडिस्क म्हणजे कणगी. वायर म्हणजे येसन. कंपनीचा माणूस सूटबूट घालून यायचा, इंग्रजी फाडायचा, आन् परभाभाऊ त्याले इचारत, "थे सगळं ठीक हाये साहेब, पण याची दावण केवढी?" पुढच्या वर्षी थो माणूसही दावणच म्हणाले लागला.

आन् दाताचा हिशेब तं असा जमला का इचारू नका. प्रोसेसरमंधी कोर असते म्हणते, म्हणजे एकाच बैलात कितीक बैल. दोन कोरवाला आला तं परभाभाऊ म्हणे दोन दाती. मंग चार दाती आला, सहा दाती आला. आठवाला आला तवा त्यायनं गादीवरून उठून त्याले हातात घेतलं, बॅटरी मारून खालच्या पिना पाह्यल्या, आन् म्हणे, "जुळला." बैलाचे आठ दात आले का थो जुळला म्हणते, त्याच्यावर दात येत नाही. भाऊले वाटलं, आता संपलं. देवानं बैलाले जितके देल्ले तितकेच कंपनीनं देल्ले.

गिऱ्हाईक आलं का पहिला सवाल ठरलेला, "पेरणार काय?" बाकी दुकानदार इचारते बजेट काय हाये, भाऊ इचारत पेरणार काय. एक कॉलेजचा पोट्टा आला, म्हणे सगळ्यात मोठा द्या. भाऊनं इचारलं, तं पोट्टा प्रोजेक्ट टाईप करणार होता. भाऊ म्हणे, "दोन एकर वावर तुहं, आन् नागोरी जोडी घेऊन काय वरातीत नाचवतं का? दोन दाती ने, चारा कमी खाते."

आता मुद्द्याची गोष्ट. परभाभाऊनं कधी तोंडानं भाव सांगतला नाही. बैलबाजारात दलाल जसा रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरवते, तसाच भाव. गिऱ्हाइकानं हात पुढं करावा, भाऊनं वरून रुमाल टाकावा, आतमंधी बोटं दाबावं. समोरच्यानं मुंडी हालवली का सौदा पक्का. नव्या माणसाले आधी बोटाचा हिशेब समजावून सांगत, कोणतं बोट म्हणजे काय. दुकानात दहा माणसं बसली असली तरी कोणाले कोणाचा भाव माहीत नाही. माह्या भाड्याचाही भाव तसाच. मले बी एक डाव समजावून सांगतलं होतं. म्या म्हटलं समजलं. काही समजलं नव्हतं. पण दुसऱ्यांदा इचाराची लाज वाटली, त्याच्यानं थे बोटं दाबत आन् मी मुंडी हालवत जाओ. वर कधी कधी तोंड वाकडं करून थोडं कमी हाये भाऊ असं दाखवो, म्हणजे धंदा समजते असं वाटाले पाह्यजे.

एक फजिती सांगतो. चांदूर बाजारले एका पोरानं घरीच ऑनलाईन फॉर्म भराचं दुकान टाकलं होतं. त्याची मशीन घेऊन मी गेलो. दारात त्याची माय उभी, हातात हळदकुंकवाचं ताट आन् पाण्याचा तांब्या. आमच्याकडे नवा बैल घरी आला का त्याचे पाय धुऊन, ओवाळून आत घेते. पोरगा म्हणे, माय, थे मशीन हाये. माय म्हणे, "कमावतं हाये नं? मंग पाय धुवा लागते." एकदम बरोबर बोलली. मले पटलं. डब्याले खाली रबराचे चार पाय असतेच. म्या डबा उलटा धरला, चारही पाय वर केले आन् माउलीले म्हटलं, मागच्या पायावर कमी पडलं, अजून टाक.

पाणी जाळीतून सरळ दावणीत गेलं.

दुसऱ्या दिवशी परभाभाऊनं सगळे तुकडे दुकानाच्या गच्चीवर उन्हात मांडले, जसे पापड वाळू घालते तसे. मी बाजूले कावळे हाकलत बसलो, कारण दुसरं काही सांगाची त्यायची हिंमत झाली नाही. बैल वाचला, दावण मेली. मले वाटलं आता माह्या भाड्यातून कापन. भाऊ एकच बोलले, "चूक माही हाये किसना. बैल म्हणून मीच सांगत फिरतो, मंग लोकं पाय धुईन नाही तं काय करीन?" त्याच्यानंतर हरेक गिऱ्हाइकाले गॅरंटीच्या कागदासंगं तोंडी सूचना राहे, "हळदकुंकू लावा, पाय धुऊ नका."

भाऊच्या धंद्यातला सगळ्यात मोठा बैल अकोल्याले होता. बंडूशेठचा स्टुडिओ. लग्नाची शूटिंग कोणीही करते हो, पण त्या शूटिंगचा पिच्चर बनवाले, गाणे टाकाले, नवरीच्या मागं फुलं पाडाले, त्याले मिक्सिंग म्हणते, तगडी मशीन लागते. तशी मशीन साऱ्या भागात बंडूशेठपाशीच. तेल्हारा, अकोट, बाळापूर, सगळीकडचे शूटिंगवाले त्यायच्या दारात रांग लावून बसत. लोकाच्या घरी लेकरू चालाले लागे तवा लग्नाची सीडी येत जाये. शेठची मशीन बदलाची वेळ आली का परभाभाऊचा रुमाल बाहेर निंघे, आन् त्या दिवशी भाऊ मले पूर्ण चहा पाजत. एरवी अर्धा.

मंग एक साल असं आलं का दोन मोठ्या कंपन्यायची आपसात ठस्सन लागली. एकीनं दात वाढवले का दुसरी भाव पाडे. त्यात बाहेरच्या मोठाल्या कंपन्यायनं आपले कॉम्प्युटरचे गोठे रिकामे केले, जुने पण तगडे बैल पोत्यानं बाजारात आले. आन् एक दिवस नागपूरहून आलेलं एक लहानसं खोकं भाऊनं उघडलं. सोळा कोर. भाव, जुळलेल्या बैलापेक्षा कमी.

भाऊनं चश्मा काढला, पुसला, घातला. "सोळा दात. किसना, हा बैल नाही, मगर हाये."

त्यायचा भरोसाच बसेना. स्वस्त बैल लाथाड असते, हा बैलबाजाराचा कायदा. कुठंतरी खोड असनच. म्हणून ऐन मे महिन्यात, जवा अमरावतीत कुत्रंही सावली सोडत नाही, त्यायनं थो सोळा दाती दुकानामागच्या टिनाखाली जुंपला. पंखा नाही, कूलर नाही. त्याच्यावर जड जड व्हिडिओ टाकले आन् मले म्हणे, "बस इथं. बंद पडला, गरम झाला, का वास आला तं आवाज दे." मी बसलो. मशीन चालत होती, चालत होती. दुपारी कवा तरी टिन गोल फिराले लागला एवढं मले आठवते. डोळे उघडले तवा भाऊ माह्या तोंडावर पाणी मारून राह्यले होते आन् कोणीतरी कांदा फोडून नाकाले लावला होता.

"तुले काय झालं बे?" भाऊ म्हणे. "बैल तं ठीक हाये."

पण भाऊच ठीक नव्हते. मशीन पास झाली याचा आनंद पाह्यजे, तं हे सुतक असल्यासारखे गादीवर बसले. म्या म्हटलं, भाऊ, मोठा बैल स्वस्त झाला, आता तं सारे लोकं घेईन, तुमची चांदी हाये. तवा त्यायनं मले जे सांगतलं थे मले आजही पाठ हाये. एरवी मले पाढेही पाठ नाही.

"येड्या, मोठा बैल महाग होता म्हणून मले लहान बैल स्वस्त देता येत जाये. बंडूशेठ, डॉक्टर, वकील, यायची बोटं मी दोन पेरं जास्त दाबो. थे जास्तीचं कॉलेजच्या पोरायच्या बोटात सोडो. आता मोठ्याचा भाव साऱ्याले मोबाईलवर दिसते. रुमालाखाली काय दाबू?"

म्या मुंडी हालवली. या डावाले खरंच समजलं होतं.

त्याच्यानंतर थोड्याच दिवसानं बंडूशेठ आले. मी बाहेर पायरीवर रिक्षाचं पंक्चर काढून राह्यलो होतो, आतलं सगळं आयकू येत होतं. शेठ चहा पीत पीत गोड बोलून राह्यले होते. त्यायचं म्हणणं येवढंच का परभाभाऊ, हे सोळा दाती खेड्यातल्या पोट्ट्यायले इकू नका. लोकं घरोघरी मिक्सिंग करतीन तं आमी काय कराव? आन् आमीच राह्यलो नाही तं तुमी काय कराव? शेठ खरंच बोलून राह्यले होते. भाऊचं अर्धं दुकान शेठच्या बोटावर चालत होतं.

तितक्यात एक पोरगी आन् तिचा बाप आत गेले. बापाच्या हाताले झेंडूचा पिवळा रंग. पोरगी शेठले पाहून दारातच थबकली, कारण थे त्यायच्याच स्टुडिओत कामाले होती. तेल्हाऱ्याची वैशाली. रोज एसटीनं अकोल्याले ये, दिवसभर शेठच्या मशीनवर मिक्सिंग करे, रातच्या गाडीनं परत जाये. बापाचा फुलाचा मळा. मोबाईलवर मशीन दिसते हे तिले माहीत होतं, पण बाप आयकेना. त्याच्या बापानं परभाभाऊच्या वडलायपाशून बैल नेला होता. आमच्याकडे बैल आन् सोयरीक ओळखीतच होते.

शेठ म्हणे, "काय पोरी, आज बस चुकली का?"

वैशालीनं त्यायले नमस्कार केला आन् भाऊले सांगतलं का मले घरी मशीन घ्यायची हाये.

शेठनं हासत भाऊले सांगतलं, दाखवा एखादा दोन दाती, पोरीचा हट्ट हाये.

भाऊनं चश्म्यावरून तिच्याकडे पाह्यलं. "पेरणार काय, बाई?"

"जे शेठ पेरते थेच, काका."

म्या पंक्चर सोडून आत डोकं घातलं. शेठचा कप हवेतच. भाऊनं खांद्यावरचा रुमाल काढला. जसा नेहमी काढत. बापानं सवयीनं हात पुढं केला. वैशालीनं बापाचा हात मागं घेतला.

"रुमालातलं बाबाले समजन, काका. मशीन मी चालवणार हाओ. मले तोंडानं सांगा."

मले वाटलं गेली कामातून. या दुकानात आजपर्यंत असं कोणी बोललं नव्हतं. भाऊ रुमालाकडे पाहत बसले. एका बाजूनं शेठ, जे तोंडानं भाव आयकला का आपला जुना भाव आठवणार. एका बाजूनं ही पोरगी, जिले आता खोटं सांगतलं तं मोबाईल काढणार, आन् नाही काढला तरी महाग म्हणून मशीन न घेता रोज एसटीत बसणार. परभाभाऊनं रुमालाची घडी घातली, अजून एक घातली, मांडीवर ठेवली. आन् तोंडानं भाव सांगतला. साफ. माह्या कानानं त्यायच्या तोंडून भाव पहिल्यांदा आयकला. एवढा लहान होता का मले वाटलं थे विसरले काहीतरी.

शेठनं कप खाली ठेवला. "आन् मले कसा देल्ला होता?"

"तवा महाग होताच शेठ," भाऊ म्हणे. "आन् तुमच्यापाशून म्या जास्तच घेतलं. हेही खरं हाये."

शेठ भांडले नाही. उठले, जोडे घातले, माह्या पंक्चरवरून पाय टाकून गेले. वाईट माणूस नव्हता. पुढं त्यायनं तसलेच चार बैल घेतले म्हणते. मोबाईलवरून.

तेल्हाऱ्याले मशीन न्यायची तवा भाऊ पहिल्यांदा माह्या रिक्षात बसले. म्हणे मी येतो. दर्यापूर, अकोट करत गेलो. रस्ता असा का म्या मशीन भाऊच्या मांडीवर देल्ली, मशीनले काही झालं नाही, भाऊची कंबर गेली. फुलाच्या मळ्याजवळ वळलो तं दुरूनच दिसलं, वैशालीची माय दारात उभी, हातात ताट आन् तांब्या. रिक्षा थांबाच्या आधीच मी वरडाले लागलो, माय, पाणी नको, पाय धुऊ नको, माह्या बापाची शपथ हाये.

माय म्हणे, "मशीनचे पाय कोण धुते रे बापा? आमाले काय येडं समजलं का?"

तिनं डब्याले कुंकू लावलं, मळ्यातल्या झेंडूचा हार घातला, वैशालीनं थो आत नेला. मंग माय परभाभाऊसमोर बसली आन् तांब्यातलं पाणी त्यायच्या पायावर टाकलं. "बैल आणून देणाराचे धुवा लागते," एवढंच बोलली. भाऊ दारात उभे, चपला ओल्या, पायजामा ओला, आन् काय करावं थे सुचेना. चार पिढ्यात दलालाचे पाय कोणी धुतले नव्हते, दलालाले लोकं शिव्या देते. मंग त्यायनं खांद्यावरचा रुमाल काढला आन् पाय पुसले. थो रुमाल, ज्याले भाव ठरवाचा सोडून मले कधी हात लावू देल्ला नव्हता.

वैशालीनं एक लग्न मशीनवर चढवलं. शेठकडे त्याच लग्नाले रातभर लागली असती. इथं मायची वांग्याची भाजी शिजली नाही तं नवरी सासरी पोचली. भाऊ पोरीच्या मागं उभे राहून कान देऊन आयकत होते. "आवाजही करत नाही," म्हणे, जसं काही त्यायले थोडी खोड निंघाची आशा होती.

येताना थे म्हणे परतवाड्याहून चल, चांदूर बाजारले उतरतो, आज बाजार हाये. मले गप राहवत नाही, म्या इचारलं, भाऊ, ट्रॅक्टर आले तवा तुमचे बाबा काय म्हणे?

"काही नाही म्हणे. रुमाल धुऊन टाकला आन् मले म्हणे, दुसरं जनावर पाह्य." मंग म्हणे, "आता मी कोणतं पाहू?"

म्या म्हटलं, मी हाओ नं भाऊ. थे इतके हासले का चश्मा दोरीवर लोंबला. माह्यापाशून त्यायले झालेला तेवढाच फायदा.

बैलबाजाराच्या फाटकाशी रिक्षा थांबवली. पह्यले जिथं पाय ठेवाले जागा नसे तिथं आता बैल कमी आन् जुने ट्रॅक्टर जास्त. भाऊ उतरले. म्हणे, हात दे. म्या हात पुढं केला, त्यायनं वरून थो ओला रुमाल टाकला. आतमंधी बोटं दाबली. म्या नेहमीसारखी मुंडी हालवली.

भाऊनं हात सोडला नाही. "किसना, समजते का रे तुले यातलं?"

आता खोटं बोलून फायदा नव्हता. म्हटलं, "नाही भाऊ. पह्यल्या दिवसापासून नाही."

"मले माहीत होतं. मंग मुंडी काहून हालवत जाये?"

"तुमी काय कमी देसान?"

त्यायनं खिशातून भाडं काढून माह्या हातावर ठेवलं, मोजून पाह्य म्हणाले नाही, मीही पाह्यलं नाही. रुमाल झटकला, वाळाले खांद्यावर पसरवला, आन् ट्रॅक्टरच्या रांगेतून बैलाकडे निंघाले. मधात एका जुन्या दलालानं त्यायले हाक मारली आन् सवयीनं हात पुढं केला. परभाभाऊ थांबले. रुमाल खांद्यावरच राहू देल्ला आन् त्याचा हात उघडाच हातात घेतला. काय भाव झाला थे मले दुरून आयकू आलं नाही. पण या डावाले दोघंही तोंडानं बोलून राह्यले होते.